गादीखालची ऊब

हेआमासीच्या शेडमध्ये मासे आहेत हे कालोलाइनेला ठाऊक होतं, पण ते बघायला जावं असं तिला कधी वाटलं नव्हतं. मासे काय बघायचे? दूर समुद्रातल्या हापाईच्या बेटावर जन्मलेल्या बाईला मासे म्हणजे पायात येऊन आदळणारी गोष्ट. धरायचे, खवले काढायचे, नारळाच्या दुधात शिजवायचे. खायचा नाही, विकायचा नाही, नुसता बघायला मासा पाळणाऱ्याला तिच्या बेटावर लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण हेआमासी पडला तिच्या धाकट्या भावाचा मुलगा. चाळिशी उलटलेला, बस चालवणारा, आणि लग्नाचं नाव काढलं की माशांना खायला घालायला उठून जाणारा. भाऊ वारला तेव्हापासून तो पश्चिम सिडनीतल्या तिच्या घरी, गाडीच्या शेडमध्ये खोली करून राहत होता.

त्या दिवशी ती त्याला झापायला म्हणून शेडमध्ये गेली. चर्चला यायचं टाळतो म्हणजे काय? आत गेली आणि दारातच थांबली.

बाहेर उन्हाने पत्रा तडतडत होता. आत अंधार, अंधारात काचेची एक टाकी, आणि टाकीवर निळा उजेड. भिंतींवर पाणी हलत होतं. छपरावर पाणी हलत होतं. हेआमासीच्या टकलावरही पाणी हलत होतं. नखाएवढे निळे मासे पोवळ्याच्या फांद्यांतून आत जात, बाहेर येत. लहानपणी परकर वर खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहायची तेव्हा तिच्या ओंजळीत येऊन सुळकन निघून जाणारे, तेच मासे.

"आत्या, बस ना," खुर्ची झटकत हेआमासी म्हणाला.

"बसायला वेळ कुणाला आहे!" असं म्हणून ती बसली. चांगली तास-दीड तास बसली. झापायचं राहूनच गेलं. उठताना म्हणाली, "छान आहे हो तुझी टाकी."

हेआमासीचा चेहरा पडला. आत्या म्हणजे बापाची बहीण, मानाने बापाच्याही वरची. तिने भाच्याच्या वस्तूला छान म्हटलं की ती वस्तू तिची झाली, त्यात वाद नाही. म्हणून शहाणी आत्या भाच्याच्या घरात जीभ आवरून बसते. कालोलाइने शहाणी होती. काय बोलतो आहोत ते तिला पुरतं कळत होतं.

"कुठे ठेवू, आत्या?" तो म्हणाला.

"माझ्या खोलीत. पलंगाच्या उशाशी. आणि असं एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करू नकोस. तळून नाही खाणार मी तुझे मासे."

टाकी आत्याची झाली खरी, पण एक अडचण होती. आत्याच्या झोपायच्या खोलीत भाच्याने पाऊल टाकायचं नसतं. तेव्हा नात वाइमोआना आणि तिच्या दोन मैत्रिणींनी टाकी आत नेली, पाणी भरलं, मासे सोडले, दिवा बसवला. हेआमासी उंबऱ्याबाहेर उभा राहून मान लांब करून सांगत होता, "तो दगड डावीकडे, नाही, तुझ्या डावीकडे! वायर ओली करू नको गं!" स्वतःची लेक परक्या बायांनी न्हाऊ घालावी आणि आपण खिडकीतून बघावं, तसा तो बघत होता.

आता त्या पलंगाचं सांगितलं पाहिजे, कारण घरातलं खरं धन त्या पलंगातच होतं. गादीखाली विणलेल्या चटयांचे थर होते आणि त्या थरांमध्ये घडी घालून ठेवलेला न्गातू. झाडाची साल कुटून कुटून केलेलं, तपकिरी रंगाने रंगवलेलं कापड. कालोलाइनेच्या आईने गावातल्या बायकांना घेऊन ते कुटलं होतं. उलगडलं तर घराच्या दारापासून पार रस्त्यापर्यंत जाईल एवढं लांब. आई गेली, बेट सुटलं, पण कापड आलं, आणि कालोलाइने त्याच्यावरच झोपत आली. वाइमोआनाच्या लग्नात ते अंथरायचं आणि नवरीने त्याच्यावरून चालत जायचं, हे नात रांगत होती तेव्हाच ठरलेलं होतं.

आता लग्न तोंडावर आलं होतं. आणि नवऱ्या मुलाची आजी होती मेलेनाइते. राजाच्या बेटावरची, टोंगातापूची. चालणं ठसक्याचं, बोलणं त्याहून ठसक्याचं. सुपारी फुटली त्या दिवशी तिने आपलं कापड उलगडून दाखवलं होतं आणि सहज म्हणावं तसं म्हणाली होती, "तुमच्या हापाईकडे साल जाडच कुटतात म्हणे. वारा लागू नये म्हणून असेल."

कालोलाइने तेव्हा हसली होती. पण ते वाक्य तिच्या पोटात काट्यासारखं बसलं होतं. आईचं कापड, अख्खं, न दुमडता, त्या बाईच्या डोळ्यांदेखत उलगडायचं. बाकी लग्नात जेवणावळ झाली काय, पाऊस पडला काय, तिला फिकीर नव्हती.

टाकी आली आणि कालोलाइनेच्या दुपारी बदलल्या.

उन्हाळा असा होता की कुत्री डांबरावर पाय टेकवत नव्हती. घरातले सगळे पंख्याखाली कलिंगड-नारळाचं पन्हं पीत पडायचे. कालोलाइने मात्र खोलीत जाऊन पडदे ओढून घ्यायची आणि आडवी व्हायची. मग छतावर पाणी यायचं. आधी कडेकडेने, मग सगळ्या छतभर. आपण तळाशी पडलो आहोत आणि ते वर पाण्याचं तोंड आहे, असं वाटायला लागायचं. एखादा मासा काचेजवळून गेला की त्याची सावली होडीएवढी होऊन छतावरून सरकायची.

एकच खोट. तिला वाटे, उजेड थोडा कमी पडतो. आपला समुद्र याहून निळा होता.

"अजून निळं कर," तिने हेआमासीला फर्मावलं.

"आत्या, दुसरा दिवा आहे माझ्याकडे. पण त्याला वेगळा अॅडॅप्टर लागेल. हा आहे तो काळा ठोकळा, एका दिव्यापुरताच आहे. दोन दिव्यांचा भार त्याला झेपायचा नाही."

"मग आण दुसरा ठोकळा."

"मागवावा लागेल. आठवडा जाईल."

"आठवडा?" कालोलाइनेने छातीवर हात ठेवला. "बरं. मी आठवडाभर राहते की नाही ते देवाच्या हातात. तू तुझा ठोकळा माझ्या शवपेटीत ठेव."

यावर कुठला भाचा काय बोलणार! वाइमोआनाने दुसरा दिवाही त्याच ठोकळ्याला जोडला. उंबऱ्यावरून हेआमासी पुन्हा पुन्हा सांगत राहिला, "आत्या, तो गरम होईल. त्याला मोकळ्यावर राहू दे. वर काही ठेवू नको, खाली काही घालू नको. हवा लागली पाहिजे त्याला."

"हवा, हवा! ठोकळा आहे की बाळंतीण?"

पुढे दुसरा ठोकळा आलाही, पण भलत्याच दिव्याचा निघाला, पिन बसेना. तो परत पाठवला. मग लग्नाची गडबड सुरू झाली. कालोलाइने म्हणाली, "चाललंय ना? मग चालू दे."

चाललं होतं, पण ठोकळा कुरकुरायला लागला होता. कानाशी डास घोंगावावा तसा बारीक सूर. टाकी उशाशी, ठोकळा उशाशी, सूर थेट कानात. शिवाय तो काळा ठोकळा वायरीसकट पांढऱ्या विणलेल्या टेबलपोसावर असा पसरलेला दिसायचा की आल्यागेल्यासमोर लाज वाटावी. टीव्हीवरही जाळीदार रुमाल घालणारं ते घर, तिथे उघडीनागडी वायर कशी चालेल? एके दुपारी कालोलाइनेने काय केलं, गादी थोडी उचलली आणि ठोकळा चटयांच्या थरांमध्ये खोल ढकलून दिला. सूर बंद झाला. पोर दमून झोपावं तसा. ती पण झोपली.

आणि त्या दुपारी आई आली.

पाण्याच्या वरून आली. कालोलाइने तळाशी पडली होती आणि वर, पाण्याच्या तोंडावर, आईच्या टाचा दिसल्या. भेगा पडलेल्या, रंगाने तपकिरी झालेल्या टाचा. आई चालत होती तिथे तिथे पाणी गोल गोल उमटत होतं. मग टक-टक ऐकू आलं. लाकडाच्या ओंडक्यावर साल कुटायचा आवाज, आधी एक हात, मग पाच हात, मग सगळा गाव. आणि वास आला. सालीचा, झाडाच्या तपकिरी रंगाचा, तो रंग चुलीवर कोमट करतात तेव्हा येतो तो. कडवट, गोडूस, धुरकट. तो वास तिच्या नाकात इतक्या वर्षांत गेला नव्हता. झोपेतच तिचे डोळे भरले. आई नुसती कापडाचं एक टोक तिच्या हातात देऊन मागे मागे जात राहिली, आणि कापड दोघींच्या मध्ये लांब होत गेलं.

जागी झाली तर पाठीखाली ऊब होती. आईच्या कुशीतून नुकतं उठावं तशी. आणि वास अजून खोलीत होता.

"वाइमोआना," ती बाहेर येऊन म्हणाली, "तुझी पणजी येऊन गेली."

वाइमोआना वृद्धाश्रमात काम करायची, म्हाताऱ्यांची असली बोलणी तिने पुष्कळ ऐकलेली. पण ही तिची आजी. तिने हातातला फोन खाली ठेवला. "काय म्हणाली?"

"तिला काय म्हणायचंय? काम करत होती. तुमच्यासारखी बोटं चोळत बसली नव्हती काचेवर."

त्यानंतर कालोलाइने दुपारची वाट बघायला लागली. जेवण अर्धं टाकून उठायची. पडदे, निळं पाणी, पाठीखाली ऊब, मग वास, मग टाचा. कधी आईचं तोंड दिसतंय असं व्हायचं आणि एखादा मासा मध्ये यायचा. बाहेर सिडनी भाजून निघत होती आणि ही बाई गरम गादीवर पडून गालात हसत होती. घरातल्यांना वाटलं, म्हातारी खुशीत आहे, लग्नघर आहे.

एकदा हेआमासी उंबऱ्याशी आला. माशांना बघायला म्हणून रोजच यायचा. नाक वर करून थांबला.

"आत्या, काहीतरी तापल्याचा वास येतोय."

"येणारच."

"ठोकळा बघितलास का? कुठे आहे तो? मला इथून दिसत नाही."

कालोलाइने उशीला टेकून बसली होती. तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "तो ठोकळ्याचा वास नाही, मूर्खा. तुझ्या आजीचा आहे. माझी आई येते दुपारची. तुझ्या बापाला जिने पाठीवर बांधून साल कुटली, तिच्या हाताचा वास आहे तो. आता सांग, बंद करू?"

ठोकळ्यावर हेआमासी वाद घालू शकला असता. आजीवर कसा घालणार? तो तिथेच मान खाली घालून उभा राहिला, ओठ हलवून काहीतरी प्रार्थना केली आणि बसच्या पाळीला निघून गेला. पण जाताना दोनदा वळून बघितलं.

मग तो दिवस आला. पश्चिमेचा वारा सुटला होता, तोंडावर भट्टीचं दार उघडावं तसा. घराच्या विटासुद्धा तापल्या होत्या. कालोलाइने नेहमीप्रमाणे आडवी झाली.

त्या दुपारी आईने पहिल्यांदाच तोंड वळवलं. तरुण होती, नातीच्या वयाची. कपाळावर घाम. वास इतका दाट होता की हाताने बाजूला करावा. आई काहीतरी सांगत होती, ओठ हलत होते, पण टक-टक थांबत नव्हती म्हणून ऐकू येत नव्हतं. कालोलाइने म्हणाली, "जोरात बोल ना गं." तेवढ्यात वरचं पाणी विझलं. भपकन. परत पेटलं, परत विझलं. आणि तिला खोकला आला.

डोळे उघडले तर छतावर पाणी नव्हतं. टाकीतला दिवा फडफडत होता आणि गादीच्या कडेतून धुराची बारीक दोरी वर चढत होती. सरळ, सावकाश.

एक श्वासभर ती त्या दोरीकडे बघतच राहिली. मग ओरडली.

हेआमासी शेडमधून धावत आला आणि उंबऱ्यावर खिळल्यासारखा थांबला.

"आत्या, प्लग! भिंतीतला प्लग ओढ!"

"टाकीच्या मागे आहे तो! माझा हात काय साप आहे?"

"मग तू बाहेर ये! आधी तू बाहेर ये!"

"आणि कापड? माझ्या आईचं कापड आहे खाली! ही गादी कोण उचलेल, तुझा बाप?" तिने गादीला धक्का दिला. गादी हलली नाही. गुडघा मात्र कळवळला. "ये ना आत!"

"आत्या, कसा येऊ? तुझा पलंग..."

"हेआमासी!" कालोलाइने ताठ उभी राहिली. धुरात, केस सुटलेले, पण अशी उभी राहिली की राजवाड्याच्या दारावर शोभेल. "आत्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, ही रीत. आत्याचा शब्द मोडायचा नाही, हीसुद्धा रीत. आता माझा शब्द आहे, आत ये. बोल, कुठली मोडतोस?"

बिचाऱ्याने डोळे गच्च मिटले आणि आत उडी मारली. डोळे मिटल्यामुळे आधी टाकीला धडकला. पाणी हिंदकळलं.

"उघड ते डोळे, गाढवा! भिंतीला बघ, मला नको बघू!"

त्याने टाकीमागे हात घालून प्लग उपटला. मग गादी उचलून भिंतीला उभी केली. चटया फरफटत ओढल्या, अंगणात नेल्या, वर टाकीतलंच दोन बादल्या पाणी मारलं. ठोकळा चटयांना चिकटला होता. काळा कुठला, आता वाकडा आणि पिवळट झाला होता, उन्हात ठेवलेल्या मेणासारखा.

वाइमोआना कामावरून आली तेव्हा आजी अंगणात जमिनीवर बसली होती. समोर उलगडलेला न्गातू. मधोमध ताटाएवढा काळा डाग, आणि डागाच्या पोटात भोक. भोकातून गवत दिसत होतं.

हेआमासी तिच्यापुढे गुडघे टेकून बसला होता. "आत्या, चूक माझी. एका ठोकळ्यावर दोन दिवे मी जोडू द्यायला नको होते. मी नाही म्हणायला हवं होतं."

"मला?"

"...हो."

"हिंमत आहे का तुझी?"

"नाही."

"मग कशाला बडबडतोस! ऊठ, मासे बघ जिवंत आहेत का."

मासे जिवंत होते. नव्या दिव्यासाठी नवा ठोकळा आला, जुन्या दिव्यासाठी वेगळा आला, आणि दोन्ही भिंतीवर खिळ्याला उघड्यावर टांगले गेले. आता हेआमासीला खोलीत जायची मुभा होती. एकदा मोडलेली रीत पुन्हा सांधायला कालोलाइनेला वेळ नव्हता. ती स्वतः येता-जाता दोन्ही ठोकळ्यांना हात लावून बघे, तापाच्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. कोमट असत. छतावर पाणी येई, पूर्वीइतकंच निळं. ती पडून राही. पण पाठ गार असे, वास येत नसे आणि पाण्याच्या वर कुणी चालत नसे. काय सांगत होती ती, शेवटचं? कालोलाइने कूस बदलायची. ज्या आगीने आईला आणलं त्याच आगीने आईचं कापड खाल्लं, तर आता रागवायचं कुणावर?

"आजी, तो भाग घडीत घाल ना," वाइमोआना म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

"घडी घातलेल्या कापडावरून नवरी चालते का? अडखळून पडशील, आणि ती मेलेनाइते म्हणेल, हापाईच्या पोरींना चालताही येत नाही."

"मग नवीन कापड उसनं घेऊ."

कालोलाइनेने नातीकडे अशी नजर टाकली की ती उठून चहा करायला गेली.

उपाय एकच होता, आणि तो बेटावरच्या प्रत्येक बाईला ठाऊक असतो. कुटताना सालीला भोकं पडतातच. त्यावर न रंगवलेल्या पांढऱ्या सालीचं ठिगळ खळीने चिकटवायचं, मग वरून रंग द्यायचा. पण पांढरी साल सिडनीत आणायची कुठून? कुटलेल्या सालीची तसली सुपाएवढी पानं एकाच बाईने बेटावरून आणून जपून ठेवलेली होती. मेलेनाइतेने.

दोन दिवस कालोलाइनेने घरात मेलेनाइतेचं नावही काढू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी आंघोळ केली, केसांना तेल लावलं, कमरेला मानाची चटई गुंडाळली आणि म्हणाली, "हेआमासी, गाडी काढ. कापड मागे ठेव. आणि वाटेत बोलू नकोस."

मेलेनाइते ओट्यावर पंख्यासमोर बसली होती. विहीण येताना बघून तिने आधी आपली चटई सारखी केली, मग हसू.

"या, विहीणबाई! वाट चुकलात का?"

"वाट चुकायला मी काय टोंगातापूची आहे? आमच्याकडे समुद्रावरूनसुद्धा वाट सापडते."

"मग काय काढलंत एवढ्या उन्हात?"

कालोलाइनेने हेआमासीला खूण केली. त्याने कापड ओट्यावर उलगडलं. डाग वर आला. मेलेनाइते पुढे वाकली, चष्मा लावला, बोटाने कडा चाचपली. वास घेतला.

"एवढंच?" ती शेवटी म्हणाली. "तुमचं तोंड बघून मला वाटलं लग्न मोडायला आलात."

"पांढरी साल आहे तुमच्याकडे. एक पान पाहिजे."

"पाहिजे?"

"द्या," कालोलाइने म्हणाली. आणि मग, अगदी बारीक, "मेहरबानी होईल."

पंखा घरघरत राहिला. हेआमासी गाडीकडे बघत होता, जणू गाडीला काही झालंय.

"देईन," मेलेनाइते म्हणाली. "पण एक अट आहे. वरून रंगवायचं नाही. पांढरं ते पांढरं दिसू दे."

"मधोमध? सगळ्या लग्नात?"

"सगळ्या लग्नात. माझी साल आहे, ती कशाला लपायची?"

आता लोक विचारणार आणि ही बाई गळा खाकरून सांगणार, हापाईवाल्यांनी कापड जाळलं, आम्ही झाकलं. लग्न झालं तरी वर्षानुवर्षं सांगत राहणार. कालोलाइनेला ते ऐकूसुद्धा आलं. पण कापड अख्खं नातीच्या पायाखाली जायचं असेल तर वाट या ओट्यावरूनच जात होती.

"आणा पान," ती म्हणाली. "आणि खळीला कंद उकडा. उगाच बाजारातला डिंक नको."

दोघी समोरासमोर मांडी घालून बसल्या. अर्धवट उकडलेला कंद हातात धरून सालीवर घासू लागल्या, एक डावीकडून, एक उजवीकडून. मेलेनाइतेची बोटं सांध्यांतून वाकलेली होती, पण कडा अशा बसवत होती की सुरकुती पडेना. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. ठोकळ्याचं काय झालं ते मेलेनाइतेला हेआमासीने मधेच सांगून टाकलं. पंख्याच्या वाऱ्याने कापड मधूनच श्वास घेतल्यासारखं वर व्हायचं आणि दोघी एकदम हात ठेवून त्याला खाली बसवायच्या.

लग्नाच्या दिवशी वारा पूर्वेचा होता, मऊ. चर्चच्या फाटकापासून मांडवाच्या दारापर्यंत बायकांनी न्गातू उलगडत नेला. वारा खाली शिरला की तो फुगायचा, लाट यावी तसा, आणि बायका हसत कडांवर बसायच्या. सकाळच्या उन्हात तपकिरी रंग मधासारखा झाला होता. मधोमध ते पांढरं. दुरून बघितलं तर वाटावं, खोल पाण्यात मध्येच वाळू वर आली आहे आणि तिथे उभं राहता येईल.

लोक बघायला लागले. माना जवळ आल्या. दोन्ही घरांच्या वतीने बोलणारा म्हातारा मानकरी काठी टेकून उभा राहिला, पण त्याचाही शब्द अडखळला. त्याने पांढऱ्याकडे बघितलं, मग बायकांकडे. मेलेनाइतेच्या कमरेची चटई कुरकुरली. ती उठत होती.

कालोलाइने आधी उठली.

"काय बघताय?" तिचा आवाज फाटकापर्यंत गेला. "माझ्या आईने कुटलेलं कापड आहे हे. नातीचं लग्न आहे म्हणून माझी आई रोज दुपारी यायची, माझ्या गादीखाली बसायची. इतकी आली, इतकी आली, की कापड जळलं! ज्यांच्या घरी कुणी येत नाही त्यांच्या चटया गार असतात. आणि हे पांढरं जे दिसतंय ना, ते या मेलेनाइतेने दिलंय. स्वतःच्या हाताने लावलंय. असा हात अख्ख्या टोंगातापूत दुसरा नाही. बोला आता, तुमचं काय म्हणणं आहे?"

मानकऱ्याने काठी आपटून "मालो!" म्हणत शाबासकी दिली आणि सगळ्या अंगणाने तो शब्द उचलला. मेलेनाइते अर्धी उठलेली, अर्धी बसलेली, तशीच राहिली. मग बसली.

"ठोकळ्याचं नाही सांगितलंत," ती दातांतून पुटपुटली.

"तुम्ही सांगा की," कालोलाइने समोर बघत म्हणाली. "ठोकळ्यासाठी कोण रडणार आहे ते बघू."

मेलेनाइतेने नाक ओढलं. हसू होतं की काय होतं, कालोलाइनेने वळून बघितलं नाही.

वाइमोआना फाटकातून आत आली. कमरेला चटया, खांद्याला फुलं, पाय अनवाणी. कापडावर पहिलं पाऊल ठेवलं तसा सगळीकडचा आवाज खाली बसला. ती सावकाश येत होती. कापड तिच्या पावलांखाली दबून मागे पुन्हा वर येत होतं. मध्यापर्यंत आली आणि थांबली. पुढे पांढरं होतं. ओलांडून जावं की काय, तिला कळेना. तिने आजीकडे बघितलं, मग दुसऱ्या आजीकडे.

"ठेव गं पाय!" दोघी एकदमच म्हणाल्या.

तिने ठेवला.